विषम नंबरांची घरं

नवा नकाशा आल्याचा फोन आला तेव्हा वहिनी दुकानाच्या काचा पुसत होत्या. फडकं तसंच काउंटरवर टाकून त्या निघाल्या. आत डोळ्याला भिंग लावून बसलेल्या घड्याळजींनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, मान वर न करता विचारलं, "जेवायला येणार का?" तोवर त्या कोपऱ्यावर पोचल्यासुद्धा होत्या. निवडणुकीचा नुसता वास आला तरी बायकोच्या पायाला भिंगरी लागते, हे घड्याळजींना लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

सगळा रस्ता त्यांना वहिनीच म्हणायचा. पक्षाचे लोक म्हणायचे, पडलेले उमेदवार म्हणायचे, आणि समोरच्या पक्षाचे लोकही म्हणायचे, फक्त ते पुढे हसत जोडायचे, "वहिनी आल्या, कड्या लावा!"

पक्षाचं ऑफिस एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत होतं. सेक्रेटरी होता एक तरुण वकील. त्यानं टेबलावर नकाशा पसरला होता आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून चारी कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले होते.

"वहिनी, या या! टेकडीवरचे बंगले गेले शेजारच्या मतदारसंघात, आणि रेल्वे वर्कशॉपमागच्या इमारती सगळ्या आपल्याकडे आल्या. मागच्या खेपेची मतं नव्या हद्दीत मांडून बघितली मी. कागदावर आपण निवडून येतोय!"

वहिनी मटकन खुर्चीत बसल्या. हे ऐकायला त्यांच्या सासऱ्यांनी काय दिलं नसतं! केंद्राच्या संसदेची ही जागा निर्माण झाली तेव्हा सासरे पहिल्या उमेदवाराचे एजंट होते. शहराचा एक डॉक्टर समोरच्या पक्षातर्फे उभा राहिला आणि आरामात आला. मग डॉक्टरचा पुतण्या आला. तो कंटाळून राजदूत व्हायला गेला, तर त्याच्या जागी एक बांधकामवाला आला. प्रांताच्या निवडणुकीत हेच लोक कधी इकडे कधी तिकडे झुकत. नगरपालिका तर दोनदा वहिनींच्या पक्षाकडे आली होती. पण केंद्राची मतपत्रिका हातात पडली की यांचं बोट कुठं जायचं ते ठरलेलं. नदीकाठच्या वस्तीतून आघाडी मिळायची आणि टेकडीवरची पेटी उघडली की ती धुऊन जायची. एकदा, फक्त एकदा, प्रकरण दोनशे मतांवर आलं होतं. फेरमोजणी झाली. सासऱ्यांनी त्या दिवशी घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि हरल्यावर घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "टेकडीवर अजून एक फेरी मारायला हवी होती."

वहिनी लग्न होऊन आल्या तो निवडणुकीचाच महिना होता. नव्या सुनेला सासऱ्यांनी पहिलं काम दिलं ते लिफाफ्यांवर पत्ते लिहायचं. अक्षर बघून खूश झाले आणि दुसऱ्या दिवसापासून दारं वाजवायला बरोबर घेऊन गेले. तेव्हापासून त्या वाजवतच होत्या.

"ही रेघ कुठली?" वहिनींनी नकाशावर बोट ठेवलं.

सेक्रेटरीनं चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता. "नवी हद्द. तुमच्या रस्त्याच्या मधून जाते. सम नंबरांची घरं आपल्यात राहिली. विषम पलीकडे गेली."

"माझं घर विषम आहे."

"हो, वहिनी."

पलीकडच्या मतदारसंघात वहिनींचा पक्ष दुसरा येण्याचीसुद्धा कोणी आशा करत नसे.

घरी आल्यावर वहिनींनी घासलेली भांडी परत घासली. पडदे काढले, धुतले, ओले असतानाच लावले. संध्याकाळी त्या बाहेर पडल्या आणि रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मधोमध चालत गेल्या. एका टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून शेवटी खिडकीतून डोकं काढलं, "मावशी, रस्ता विकत घेतलात की काय?"

समोरच्या सम बाजूला, बरोबर त्यांच्या दारापुढे, वन्संचं घर होतं. घड्याळजींची ही धाकटी बहीण लग्न करून गेली ती रस्ता ओलांडून. नवरा वारल्यापासून एकटीच राहायची. आणि दर निवडणुकीला वन्सं आपल्या कुंपणावर समोरच्या पक्षाचा भला मोठा बोर्ड लावायच्या, तोही असा की माहेरच्या प्रत्येक खिडकीतून दिसावा. त्या दिवसांत नणंद-भावजयीचं बोलणं चालायचं ते दूध, गॅस आणि हवामान एवढ्यावरच.

हद्दीवर हरकत घ्यायला जाहीर सुनावणी होती. आदल्या दिवशी सेक्रेटरी दुकानात आला आणि घड्याळाचा पट्टा बघायच्या निमित्तानं बराच वेळ घुटमळला.

"वहिनी, तुम्ही हरकत घेऊ नका. तुमचा रस्ता हलवायचा म्हटलं तर ते दुसरीकडे काहीतरी हलवणार. टेकडी परत आपल्या गळ्यात पडली तर? हातातोंडाशी आलंय सगळं."

"म्हणजे मी तोंडात मूग गिळून बसू?"

"एवढ्या वर्षांत प्रथमच जिंकायची वेळ आलीय हो."

"तेच तर म्हणतेय मी!" वहिनी इतक्या जोरात म्हणाल्या की घड्याळजींच्या चिमट्यातला स्क्रू उडाला, आणि पुढचा तास तिघंही गुडघ्यांवर बसून तो शोधत होते.

त्या सुनावणीला गेल्या. वाचनालयाच्या सभागृहात तीन अधिकारी बसले होते आणि समोर पंधरा-वीस माणसं. वहिनींनी रात्रभर डोक्यात भाषण जुळवलं होतं. उभ्या राहिल्या आणि सगळं सांडलं. डॉक्टरपासून सुरुवात केली, पुतण्यावर आल्या, मग मध्येच सासरे, मग लिफाफे. मागं कोणीतरी हसलं. शेवटी त्या म्हणाल्या, "मी इथं हरत आलेय साहेब. आता दुसऱ्यांच्यात जाऊन कशी हरू?" आणि खाली बसल्या. सेक्रेटरी दुसऱ्या रांगेत बुटांकडे बघत होता.

अध्यक्षबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "तुमचं दुःख कळतं. पण दोन्हीकडे माणसं सारखी भरायला हवीत. रेघ कुठून तरी जाणारच, आणि जिथून जाईल तिथं कोणीतरी राहतच असणार." त्यात खोट काढायला जागा नव्हती. वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला तो त्यामुळेच. हरकत फेटाळली गेली.

आठवडाभर त्यांनी कुणाला धड उत्तर दिलं नाही. दुकानात गिऱ्हाइकाला दुसऱ्याचंच घड्याळ दिलं. मग एका दुपारी त्या तडक रस्ता ओलांडून वन्संच्या दारात उभ्या राहिल्या.

"वन्सं, वरची खोली रिकामी आहे ना? मला द्या. यादी बंद व्हायच्या आत मला सम नंबरात राहायला हवं."

वन्संनी त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. "मताकरता?"

"मताकरता."

"आणि दादा?"

"ते काय, समोरच आहेत."

वन्संना हसू आवरेना. "ये. पण खरोखर राहायचं हं. नुसता पत्ता वापरायला मिळणार नाही. झोपायचं, उठायचं, माझ्या पद्धतीनं नळ बंद करायचा."

घड्याळजींनी बॅग पोचवली. वाटेत म्हणाले, "बायका भांडून माहेरी जातात. तू माझ्या बहिणीकडे चाललीस. लोकांना काय सांगू?"

"घड्याळं दुरुस्त करा," वहिनी म्हणाल्या.

वरच्या खोलीत त्यांचा जीव रमेना. खिडकीतून आपलं स्वयंपाकघर दिसायचं. घड्याळजी दूध तापत ठेवून वर्तमानपत्र उघडायचे आणि इकडे वहिनींचा जीव टांगणीला, शेवटी त्या खिडकीतून ओरडायच्या, "अहो, दूध!" आणि सगळा रस्ता आपापलं दूध बघायला धावायचा. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, जिना वर, जिना खाली. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तू एका जागी बसलेली मी कधी बघितलीच नाही. बाबांनी तुला तसं शिकवलं, का तू मुळातच अशी?"

"मामंजींनी शिकवलं," वहिनी अभिमानानं म्हणाल्या. "दार उघडेपर्यंत थांबायचं नाही, पायरीवरच पुढच्या दाराचा विचार करायचा."

वन्सं इस्त्री करत होत्या. इस्त्री त्यांनी उभी करून ठेवली.

"मला नाही शिकवलं."

वहिनींना आधी कळलंच नाही.

"मी सोळा वर्षांची होते तेव्हा म्हटलं होतं, बाबा, मला न्या. म्हणाले, तू काय, उद्या लग्न होऊन जाणार, तुला शिकवून काय करू? आणि गेले कुठं मी? तर इथं. त्यांच्या नाकासमोर. तू आलीस, परक्या घरची, आणि तुला चौथ्या दिवशी बरोबर घेऊन गेले. मी याच खिडकीतून बघायची, तुम्ही दोघं पत्रकं घेऊन निघालेली."

"म्हणून तुम्ही तो बोर्ड..."

"पहिल्यांदा म्हणूनच लावला. वाटलं, बाबा येतील, ओरडतील, निदान वाद तरी घालतील. ते आलेच नाहीत. या रस्त्यावरचं एकूण एक दार वाजवलं त्यांनी, माझं सोडून. म्हणायचे, ते मत गेलेलं आहे." वन्संनी इस्त्री परत उचलली. "आणि तूसुद्धा, वहिनी. तूसुद्धा कधी वाजवलं नाहीस."

हे खरं होतं. वन्संच्या दारापुढून जाताना त्या नेहमी पाऊल उचलून चालत. इतक्या वर्षांत एकदाही त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि सकाळी त्या बॅग भरून खाली आल्या.

"कुठं?" वन्सं म्हणाल्या.

"घरी. या घराचं मत तुमचं आहे, वन्सं. मी त्यात लुडबुड करणार नाही." मग त्या दाराबाहेर गेल्या, दार ओढून घेतलं, आणि बाहेरून कडी वाजवली. वन्संनी दार उघडलं.

"नमस्कार," वहिनी म्हणाल्या, "मी आपल्या भागातून... या वेळी आमचा उमेदवार..." पुढचं त्यांना तोंडपाठ होतं. हजारो दारांत म्हटलेलं. ते येईचना.

वन्सं दाराला टेकून उभ्या राहिल्या. "चाळीस वर्षं उशीर झाला तुला," त्या म्हणाल्या. रागानं नाही, पण गोडही नाही. आणि त्यांनी दार लावलं.

पुढचे दीड-दोन महिने वहिनी घरी फक्त झोपायला येत. मत पलीकडे गेलं म्हणून पाय थोडेच गेले होते! वर्कशॉपमागच्या इमारतींना लिफ्ट नव्हती; त्यांनी सगळे मजले पालथे घातले. तिथं त्यांना कोणी ओळखत नव्हतं, कड्या लावा म्हणून कोणी हसत नव्हतं, आणि त्याचंच त्यांना चुकल्या-चुकल्यासारखं होत होतं. मतदानाच्या दिवशी त्या एका अनोळखी शाळेत गेल्या, घड्याळजींबरोबर रांगेत उभ्या राहिल्या आणि ज्याचं डिपॉझिटसुद्धा वाचणार नव्हतं अशा आपल्या पक्षाच्या एका पोरसवदा उमेदवाराला मत देऊन आल्या. पाच मिनिटांचं काम. मग टॅक्सी करून जुन्या हद्दीत परत.

दुसऱ्या दिवशी मोजणीच्या हॉलमध्ये त्या एजंट म्हणून होत्या. टेकडी नव्हती, तरी सवयीनं त्या टेकडीची वाट बघत राहिल्या. सेक्रेटरी दर थोड्या वेळानं येऊन आकडा सांगे आणि त्या म्हणत, "थांब रे, अजून काही खरं नाही." तीनच्या सुमाराला निकाल जाहीर झाला. निवडून आले होते. आरडाओरडा झाला, सेक्रेटरी लहान मुलासारखा रडला, उमेदवारानं वहिनींचे दोन्ही हात हातात घेतले. वहिनी हसल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण गर्दीतून दाराकडे सरकतोय. कोणाला तरी सांगायला हवं होतं. सासरे नव्हते. घड्याळजींना फोन केला असता तर ते म्हणाले असते, "बरं झालं, आता जेवायला ये."

त्यांनी वन्संना फोन लावला.

"वन्सं, आलो आम्ही."

"टीव्हीवर बघितलं." पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग वन्सं म्हणाल्या, "सकाळपासून काही पोटात गेलंय का?"

"नाही."

"माहीतच होतं. बाबांवर गेलीस. ये इकडे."

वहिनी पोचल्या तेव्हा वन्संनी ताट वाढलं होतं. वन्संनी मत कोणाला दिलं हे वहिनींनी विचारलं नाही, वन्संनीही काही सांगितलं नाही. वन्सं समोरची खुर्ची ओढून बसल्या, हातांची घडी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मी ती मोजणी कधी बघितली नाही. आत गेल्यापासून काय काय होतं ते सांग. गाळायचं काही नाही."

"सगळं? फार वेळ लागेल."

"मग बस तरी."

वहिनी बसल्या नाहीत. ताटातला एक घास उचलून तोंडात टाकला आणि ओट्यापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत त्यांनी सुरुवात केली. आधी दारावर पोलीस ओळखपत्र बघतो, मग आत गेलं की लांबलचक टेबलं, आणि पहिल्या पेटीचं सील फोडताना सगळे एकदम पुढे वाकतात...

"थांब," वन्सं म्हणाल्या. "सील कोण फोडतं?"