सोजराबाईंच्या पाठीखालची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी रबरी पिशवी आहे, गरम पाणी भरून अंग शेकायची. माझा रंग विटला आहे, बुचापाशी चीर गेली आहे. पण मला किळस येते ती स्वतःची नाही, माणसांची.

रबराच्या कारखान्यात, वाफेच्या साच्यात माझा जन्म झाला. १९५६ साली पिंपरीच्या एका कारखान्यात कामाला असणाऱ्या सयाजीरावांनी मला पुण्याहून कासारवाडीला आणले. त्यांच्या पत्नीची, सोजराबाईंची, पाठ दुखत होती. सुरुवातीला माझे कोण कौतुक झाले! शेजारणी मला दाबून दाबून बघत. मी रोज सोजराबाईंच्या पाठीखाली पडून राहायचे आणि मला वास यायचा. पुढून, चोळीच्या आतून, सडक्या मांसाचा वास. तिथे एक गाठ फुटून जखम झाली होती आणि त्यावर हळदीचा लेप लावून फडकी बांधली होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि तो बंब म्हणजे मी.

वास सयाजीरावांनाही येत होता. त्यांनी आपले अंथरूण ओट्यावर नेले, पण तोंडातून शब्द काढला नाही. दवाखान्यात डॉक्टर सोजराबाईंना विचारत आणि उत्तर सयाजीराव देत, "पाठच दुखती तिची. बाकी काय न्हाई." डॉक्टरही लुगड्यावरूनच पाठ चाचपून गोळ्या देत. शी! मला तर त्या खोलीतल्या सगळ्यांचीच शिसारी आली.

एकदा मी घसरून सोजराबाईंच्या मांडीखाली गेले. माझ्यात कढत पाणी होते. कातडीला टरारून फोड आले, तरी बाई पडल्या पडल्या निवांत मेथी निवडत होत्या. त्यांना चटका कळलाच नाही. उठायला गेल्या तर पाय उचलेना. तेव्हा कुठे घराला जाग आली आणि त्यांना पुण्याच्या मोठ्या इस्पितळात नेले. सोबत मीही होतेच.

सर्जनांनी पहिला प्रश्न विचारला तसे सयाजीराव पुढे सरसावले.

"तुम्ही बाहेर थांबा," सर्जन म्हणाले. मग नर्सने फडकी सोडली. सोजराबाईंनी डोळे मिटून घेतले.

"कधीपासून आहे हे, बाई?"

"वरीस झालं. बाईमानसाचं दुखणं, कुनाला दावायचं?"

एक्स-रेमध्ये पाठीचा एक मणका चुरलेला दिसला. छातीतला कॅन्सर हाडात उतरला होता आणि पायांकडे जाणाऱ्या मज्जारज्जूवर दाब आला होता. "दाब काढला तर पाय कदाचित वाचतील," सर्जनांनी बाहेर येऊन सांगितले. "आजार मात्र आता पुरता जायचा नाही. आधी आणायला हवं होतं." मला सयाजीरावांची कीव आली नाही.

ऑपरेशन करून मणक्यांचे मागचे हाड काढले. पुढे ती सडकी गाठही कापून टाकली. काही आठवड्यांनी सोजराबाईंच्या पायाचा अंगठा हलला. घरी आल्या तेव्हा त्या भिंत धरून उभ्या राहू लागल्या होत्या.

शेजारणी भेटायला आल्या. "पाठीचं आप्रेशन झालं," सयाजीराव सांगू लागले.

"पाठीचं न्हाई," सोजराबाई म्हणाल्या. "छातीत गाठ हुती, तिथनं पाठीत गेली. मी लपवली, ह्यांनी नाक दाबलं. तुमच्या हाताला अशी गाठ लागली तर लपवू नगा."

बायकांनी पदर तोंडाला लावले आणि एकेक करून निघून गेल्या. शेजारची खातूनबी तेवढी बसून राहिली. सयाजीराव ओट्यावर गेल्यावर तिने सोजराबाईंचा हात धरला आणि आपल्या छातीवर ठेवला.

सोजराबाईंनी क्षणभर चाचपले. मग दाराकडे तोंड करून हाक दिली, "आवं, हिच्या मालकाला, कादरभाईला, बोलवा. हिला आजच पुण्याला न्यायचीय."

मित्रांनो, मी अजून शेकायच्या कामाची आहे. पण घरात कुणी बाई दुखतंय म्हणाली, तर मला भरण्याआधी तिला विचारा, आणि उत्तर तिलाच देऊ द्या.