अकरा उन्हाळ्यांची रम

मित्रांनो, मी एक जुने ओकचे पिंप आहे आणि आता फार थकले आहे.

माझा जन्म परदेशातला. तिथल्या कारागिराने माझ्या फळ्या वाकवल्या, लोखंडी कड्यांत आवळल्या आणि मला आतून जाळून काळे केले. बोटीने आले ते नाशिकजवळच्या, दिंडोरीच्या एका लहान डिस्टिलरीत. तिथे माझ्यात रम भरली. उसाची मळी आंबवून तांब्याच्या हंड्यात थोडी थोडी गाळलेली ती रम रंगाने पाण्यासारखी होती, स्वभावाने मात्र भलतीच तापट.

अकरा उन्हाळे मी तिला पोटात जपले. दरवर्षी थोडी रम माझ्या लाकडातून उडून जाई, उरलेली गडद होई. शेवटी निम्मीही राहिली नाही.

माझी देखभाल चिमाजी करी. कुठे गळते का, ते तो तळहाताने चाचपून बघे. चव ठरवणे मोहिनीताईंचे काम. वर्षातून एकदा त्या माझे बूच काढत आणि चमचाभर रम ग्लासात घेऊन आधी नुसता वास घेत. तिसऱ्याच वर्षी मालक सुनीलशेठ म्हणाले होते, "भरून टाकू बाटल्या. रंग तर आलाय."

"रंग आलाय, शेठ. चव यायचीय," ताई म्हणाल्या. त्यानंतरही दोनदा त्यांनी मालकांना असेच थोपवले.

यंदा मात्र त्या ग्लास नाकाशी धरून नुसत्याच उभ्या राहिल्या. दिवाळीतल्या तापाने त्यांचे नाक गेले होते आणि हे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी निकाल द्यायचा होता : रम तशीच बाटलीत भरायची, की साखर आणि रंग घालून स्वस्त मालात मिसळायची.

"काका, मला कसलाच वास येत नाहीये," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही सांगाल?"

चिमाजी मागे सरकला. "ताई, माळकरी माणूस मी. मला काय कळतंय त्यातलं?"

"प्यायची नाही. फक्त वास घ्या."

त्याने डोळे मिटले. "गुऱ्हाळात काहिलीच्या बुडाला खरवड धरती ना, तसा वास हाय. मंग काळं पडलेलं केळं. अन् मागनं सुताराच्या भुश्याचा." तो जरा थांबला. "पहिल्या सालात नाकात झोंबायची. आता नाय झोंबत. लय निवलीय, ताई."

ताईंची जीभ तेवढी शाबूत होती. त्यांनी एक घोट तोंडात घोळवला आणि चिमाजीचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

ते शब्द आपले म्हणून खपवणे सोपे होते. पण दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "शेठ, हे चिमाजीकाकांनी सांगितलंय. माझं नाक तापात गेलंय."

सुनीलशेठनी ग्लास पुढे ओढला. मग स्वतः हुंगून पाहिला. "काहिलीची खरवड," ते पुटपुटले. "खरंय."

रम तशीच बाटल्यांत गेली. ताईंचे चव ठरवण्याचे काम मात्र त्याच दिवशी सुटले. नवा माणूस येणार आहे. त्या आता डिस्टिलरीच्या दुकानातल्या नोंदी बघतात. नाक परत यावे म्हणून रोज सकाळी लवंग आणि लिंबाची साल हुंगतात. अजून काही कळत नाही.

मी मागच्या अंगणात उन्हात पडले आहे. कड्या सैल झाल्या, फळ्यांत फटी पडल्या. कधीमधी चिमाजी बादलीभर पाणी ओततो, तेवढ्यावरच मी तग धरते.

मित्रांनो, वर्षानुवर्षे जपणारे रिकामे झाले म्हणून त्याला असे टाकू नका. मला सावलीत ओढा. आणि जमलेच तर ताईंना थोडा वेळ द्या.