माझ्यावरची पन्नास मिनिटे

मित्रांनो, मी एक जुना फलक आहे, पण आज गोड बोलायला बसलेलो नाही. एका छोट्या विमानतळाच्या फाटकाशी, रस्त्याकडे तोंड करून मी उभा आहे. माझ्यावर निळ्या अक्षरांत लिहिले आहे, 'डोंगरापलीकडचे शहर : अंतर एकशे नव्वद किलोमीटर, विमानाने पन्नास मिनिटे.'

एका म्हाताऱ्या पेंटरने जीव ओतून मला रंगवले. पहिले विमान उडाले तेव्हा माझे कोण कौतुक! डोंगराला वळसा घालणाऱ्या बसला अख्खा दिवस लागे, म्हणून लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. मीही फुगून गेलो होतो.

गावातल्या शिंपीणबाईंची एकुलती एक लेक नोकरीसाठी पलीकडे गेली, ती याच विमानाने. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून तिला सांगितले, "रडतेस काय? हाक मारलीस की आलेच मी."

पुढे ते विमान बंद झाले. परवडत नव्हते म्हणे. आता इथले विमान उलट दिशेला, मोठ्या शहरात जाते. तिथे रात्र काढायची आणि सकाळी दुसरे विमान धरायचे. मला मात्र कोणी काढले नाही. उलट व्यवस्थापकसाहेब मला घासूनपुसून घेत. "रंग अजून छान आहे, शोभा येते," म्हणत. माझ्या अंगाचा तिळपापड होई, पण पत्र्याला तोंड कुठले?

गेल्या वर्षी एका सकाळी शिंपीणबाई धापा टाकत आल्या. लेकीला दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्या होत्या आणि जावई परगावी होता. स्टँडवर दिवसातली एकमेव बस उभी होती, ती त्यांनी सोडून दिली. का? विमान तर रोज उडताना दिसे, म्हणून माझ्यावर भरवसा ठेवून!

फाटकालगतच्या तिकीट खिडकीतली मुलगी म्हणाली, "मावशी, थेट विमान केव्हाच बंद झालं. आता उद्याच पोचाल."

"अगं, मग हे बाहेर काय लिहिलंय?"

आवाज ऐकून साहेब आले. "बाई, जुना बोर्ड आहे तो. त्याच्याकडे कशाला लक्ष देता?"

"मग लावलाय कशाला? माझी लेक तिकडे एकटी तळमळतेय आणि तुम्ही इथं शोभा मांडून बसलाय!"

साहेब घड्याळाकडे बघू लागले. बाईंनी पिशवीतून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि माझ्या पन्नास मिनिटांवर अशी रेघ ओढली की खडूचे दोन तुकडे झाले. उरलेल्या तुकड्याने शेजारी लिहिले, 'खोटं'. मित्रांनो, त्या दिवशी कितीतरी वर्षांनी मला मोकळे वाटले.

बाई पोचल्या तेव्हा नात जन्मून रात्र उलटली होती. शेजारीण धावली म्हणून मायलेकी वाचल्या. परत आल्यावर बाई खिडकीतल्या मुलीला म्हणाल्या, "लेक मला एका शब्दानं बोलली नाही गं. पण शेजारीण सांगत होती, रात्रभर दाराकडे बघत होती."

मुलीला हुंदका आवरेना. साहेबांनी मात्र ते खडूचे लिखाण बाई गेल्या त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसून घेतले होते!

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. एक तर ते विमान परत आणा, नाहीतर मला उपटून भंगारात टाका. लोकांच्या तोंडाला पाने पुसायची आणि वर माझे तोंड पुसून चकचकीत ठेवायचे, हे आता पुरे झाले!