लाकडी राफाएलचा श्वास

संत राफाएलची लाकडी मूर्ती श्वास घेते, ही बातमी मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरात पसरली आणि चर्चमागच्या पडवीत पाय ठेवायला जागा उरली नाही. पुएब्ला शहरातून आलेला बंधू एलादियो आधी प्रत्येकाला दाट चॉकलेट पाजायचा, मग बराच वेळ भजनं म्हणवून घ्यायचा.

"मन स्वच्छ असेल त्यालाच दिसेल. आणि ज्याला दिसलं, त्याचं औषध सुटलं म्हणून समजा."

गावची डॉक्टर ओदिलिया एरवी हसून सोडून देती. पण तिच्या सासूबाई एर्मिनियांनी मधुमेहाचं इंजेक्शनच बंद केलं.

"आई, निदान आजचं तरी घ्या."

"राफाएल माझ्याकडे बघून हसला गं. तू हसतेस का कधी?"

त्या दुपारी ओदिलिया घरी आली, तर नवरा प्लासिदो भिंतीवरच्या, बैलाचं चित्र असलेल्या सिमेंटवाल्याच्या कॅलेंडरसमोर मांडी घालून बसलेला.

"ओदे, हा बैल श्वास घेतोय. शिंगांचे रंग बघ कसे बदलतायत."

त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या चांगल्याच मोठ्या झाल्या होत्या. भजनांचा कंटाळा म्हणून पठ्ठ्याने आपल्या वाट्याचं चॉकलेट घरी आणून प्यायलं होतं. पेल्याच्या तळाशी वाळक्या अळंबीचा चुरा होता. पावसाळ्यात इथल्या कुरणांत उगवणारी ही अळंबी गावातली म्हातारी माणसं पूजेत खात आली होती, पण जाणूनबुजून, मनाची तयारी करून. ओदिलियाला संताप आला. प्लासिदो भानावर येईपर्यंत ती त्याच्याजवळून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःचा हंडा घेऊन पडवीत गेली. "आजचं चॉकलेट माझ्याकडून." सगळ्यांसमोर एलादियोला नाही म्हणता येईना.

लोक प्यायले, घसा बसेपर्यंत गायले. राफाएल लाकूडच राहिला.

"आज आम्हा सगळ्यांचीच मनं मळली काय?" कुणीतरी विचारलं.

ओदिलियाने एलादियोच्या हंड्यातून पेला भरून त्याच्यापुढे धरला. "बंधू, तुम्ही घ्या. आणि कोपऱ्यातल्या त्या बादलीकडे बघत बसा, तीही श्वास घेते का ते सांगा."

"माझा उपवास आहे," एलादियो पुटपुटला. पडवीत हशा उसळला.

"यात अळंबी आहे," ओदिलिया म्हणाली. "तिच्यात सायलोसायबिन नावाचं द्रव्य असतं. ते मेंदूवर काम करतं, म्हणून स्थिर वस्तू हलताना दिसतात. काल आमच्याकडे कॅलेंडरवरचा बैल श्वास घेत होता. पण अळंबीने रक्तातली साखर काही उतरत नाही."

एर्मिनिया उठल्या आणि बाही वर करत सुनेजवळ आल्या. "टोच. पण हळू."

डोळ्यांना नवल दिसलं, तर हात जोडायच्या आधी पोटात काय गेलंय ते विचारावं. एवढं विचारल्याने कुठलाही संत रागावत नाही.