न सुटलेली मिशी

मी एक खोटी मिशी बोलतेय. खोटी म्हणून हसू नका, लाज मला खरीच वाटते.

विग करणाऱ्या एका बाईंनी जाळीवर एकेक केस ओवून मला घडवलं आणि मी एका विनोदी नाटकात आले. त्यात नोकर मला लावून नवरदेव म्हणून येतो आणि नुसता गोंधळ उडतो. शेवटी सासरे मला ओढतात, मी त्यांच्या हातात येते आणि सोंग उघडं पडतं. लोक पोट धरून हसतात. वेळेवर सुटणं, एवढंच माझं काम.

नोकराची भूमिका थोरला भाऊ करायचा. धाकटा मला त्याच्या ओठावर चिकटवायचा आणि विंगेत उभा राहून वाक्यं पुरवायचा. दोघांचा तोंडवळा एकच, फक्त धाकट्याच्या वरच्या ओठावर लहानपणीचा व्रण होता. त्यापायी त्याला कुणी कधी भूमिका दिली नव्हती.

एकदा ऐन प्रयोगाला थोरल्याचा आवाज बसला. तो कसाबसा म्हणाला, "तू जा. मिशी आहे तोवर कुणाला कळायचं नाही."

व्रण दिसेल या धास्तीने धाकट्याने दुप्पट डिंक लावला. आणि काय काम केलं त्याने! मी त्याच्या ओठावर होते, मला विचारा.

शेवटी सासऱ्यांनी मला ओढलं. मी हलले नाही. पुन्हा ओढलं.

"जावईबापूंची मिशी भलतीच पक्की," म्हणत त्यांनी वेळ मारून नेली.

पडदा पडल्यावर एक मोठे दिग्दर्शक आत आले. थोरलाच समजून त्यांनी धाकट्याचे हात धरले. "तुला मी आजवर ओळखलंच नव्हतं. माझ्या नव्या नाटकाचा नायक तूच."

"साहेब, मी थोरला नाही. मी धाकटा."

"अजून सोंगातच आहेस होय?" ते खो खो हसले.

व्रण दाखवायला धाकटा मला उपटू लागला. ओठ लाल झाला, तरी मी चिकटूनच. साहेब हसत निघून गेले.

ती भूमिका थोरल्याने केली. "घरातच राहिली ना रे," एवढंच तो म्हणाला.

आजही धाकटाच मला थोरल्याच्या ओठावर लावतो, डिंक अगदी बेताचा. सासऱ्यांचं बोट लागताच मी गळून पडते. टाळ्या ऐकताना मान वर करवत नाही.

आता माझे केस झडलेत, लवकरच मला टाकतील. धाकटे, तेवढं तुम्हीच करा. तुमच्या हातून एकदा तरी सुटू द्या मला.