एडनाची पेरणी

“तिकिटाचं मी बघतो,” ग्रिहोरी म्हणाला. “रेल्वेचं, जहाजाचं, सगळं. पोरगं मात्र इथंच राहील. आपल्या स्तेपानचं रक्त आहे ते.”

स्तेपान जाऊन चाळीस दिवस झाले होते, त्या दिवसाचं जेवण नुकतंच उरकलं होतं. मध घालून शिजवलेल्या गव्हाचं भांडं अजून टेबलावरच होतं. पाद्री आणि शेजारीपाजारी निघून गेले होते. उरलो होतो घरचेच: आई, मी, माझा थोरला भाऊ ग्रिहोरी आणि धाकट्या स्तेपानची इंग्रज बायको एडना. ती खिडकीशी बसून छोट्या दानिलोच्या बुटांच्या नाड्या सोडवत होती. तिच्यादेखतच हे बोलणं चाललं होतं, कारण आम्ही आमच्या युक्रेनियनमध्ये बोलत होतो आणि मडमेला त्यातलं काही कळत नाही अशी सगळ्यांची खात्री होती.

“हळू बोल रे,” मी म्हटलं.

“का? तिला कळतंय थोडंच! हिवाळा तोंडावर आलाय. एकटी बाई शेत कसणार आहे का? माझ्या शेताला लागूनच आहे, मी बघीन ते. तिनं आपल्या आईकडे जावं. तरुण आहे, दुसरं लग्न करील. मी काय वाईट सांगतोय का, आई?”

आई भांडी घासत होती. तिनं मान वळवली नाही.

ग्रिहोरी दुष्ट नव्हता. कापणीच्या दिवसांत तळ्याकाठची माती खचून ट्रॅक्टर उलटला, तेव्हा स्तेपानला खालून त्यानंच ओढून काढलं होतं. तेव्हापासून त्याची झोप उडाली होती.

लढाईहून परतलेल्या स्तेपाननं इंग्लंडातून बायको बोलावून घेतली, ती समुद्रापार येऊन वसलेल्या आम्हा युक्रेनियन लोकांच्या झोरिया गावच्या स्टेशनवर खाकी कोट घालूनच उतरली. “ही सून आहे की शिपाई?” आईनं विचारलं होतं. स्तेपान हसून म्हणाला, “दोन्ही!” एडना विमानविरोधी तोफखान्यात होती. तोफ डागायचे पुरुष. पण विमान किती उंचीवर आहे ते यंत्रातून बघून ओरडून सांगायचं ते बायकांनी. आईला त्याचं कौतुक नव्हतं. तिनं स्तेपानसाठी पलीकडच्या शेतावरची मुलगी हेरून ठेवली होती. एडनाला ना गाईची धार काढता येत होती ना पीठ मळता. तिचा पहिला पाव आईनं कोंबड्यांना टाकला. कोंबड्यांनीही तोंड फिरवलं, तेव्हा सगळ्यांत आधी हसली ती एडनाच. पण आई तिच्याशी सरळ कधी बोलली नाही. समोर उभी असली तरी मला म्हणायची, “मडमेला सांग, चूल विझतेय.”

आता एडना उठून उभी राहिली.

“माझी मुलगा कुठे जाणार नाय,” ती म्हणाली. आमच्या भाषेत. “मी पण जाणार नाय. ही शेत माझा हाय.”

ग्रिहोरीचा पेला तोंडाशीच थांबला. “तुला... तुला कळतं?”

“इतके वर्ष तुमी बोलते. मी काय बहिरा हाय?”

पुढचं तिला आमच्या भाषेत जमेना. ती इंग्रजीत बोलू लागली आणि आईसाठी मी सांगत गेले.

“भावजी, तुम्ही म्हणता आईकडे जा. कुठली आई? हल शहरात बंदराजवळ आमची गल्ली होती. एका बाँबहल्ल्यात अख्खी गेली. आई गेली, धाकटी बहीण गेली. मी तेव्हा दूर, परक्यांच्या गावावरचं आभाळ राखत होते. स्तेपानला सगळं माहीत होतं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही कुणी कधी विचारलंच नाही. आता माझं घर हे. मला इथून काढायचं असेल तर उचलून न्यावं लागेल. या, उचला.”

ग्रिहोरीनं टोपी उचलली.

“कर मग शेती! माझ्या दारात मदत मागायला यायचं नाही. आणि तो ट्रॅक्टर आधी विकून टाक. अपशकुनी आहे.”

“ट्रॅक्टरनं काय केलं?” एडना म्हणाली. “खचली ती माती.”

आईनं हात पुसले आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

त्या हिवाळ्यात चर्चमध्ये बायकांची एकच कुजबुज: बर्फ वितळायच्या आत मडम पळणार. मडम रोज सकाळी फावडं घेऊन गोठ्यापर्यंतची वाट मोकळी करत होती. आई अजूनही तिच्याशी बोलत नव्हती. पण तिच्या चुका मात्र सुधारायला लागली होती. “माझा. माझा मुलगा,” चुलीकडे तोंड करून म्हणायची. आणि एडना तिच्यामागून म्हणायची, “माझा मुलगा.”

मे महिन्यात एडनानं तोच ट्रॅक्टर बाहेर काढला आणि पेरणीयंत्र जोडलं. कुंपणापलीकडे ग्रिहोरीचीही पेरणी चालू होती. तो आपलं यंत्र थांबवून बघत राहिला. एडनाच्या पहिल्या दोन ओळी सरळ गेल्या. मग ती खालच्या अंगाला, तळ्याच्या बाजूला वळली आणि थांबली. इंजिन धडधडत होतं, पण ट्रॅक्टर पुढं सरकेना. मागं वळून बियाण्यावर लक्ष ठेवायचं, आणि समोर तर गेल्या वर्षीचं वाळकं गवत. त्यात काठ कुठं सुरू होतो ते दिसत नव्हतं. मी अंगणातून पाहत होते. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि मान खाली.

माझ्या शेजारून आई निघाली. काळा रुमाल, पायांत स्तेपानचे रबरी बूट. नांगरट तुडवत ती थेट तळ्याशी गेली आणि काठावर उभी राहिली.

“आई, मागं हो!” मी धावत जाऊन ओरडले. “माती कच्ची आहे तिथं!”

“कुठं कच्ची आहे ते मला माहीत आहे,” ती म्हणाली. मग हात वर करून ट्रॅक्टरकडे ओरडली, “ए पोरी! माझ्या अलीकडून वळायचं!”

एडनानं मान वर केली. ट्रॅक्टर हलला, आईच्या अलीकडून वळला आणि वरच्या अंगाला गेला. पुन्हा आला, पुन्हा वळला. कुंपणापलीकडे ग्रिहोरीनं आपलं यंत्र सुरू केलं.

दुपारी मी दोघींसाठी बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, आमच्या पिरोगी, नेल्या. एडनानं ट्रॅक्टरवरूनच हात पुढं करून घेतल्या. आईसाठी मी गवतावर सतरंजी टाकली.

“बस ना थोडी.”

“मी बसले तर तिला काठ दिसणार नाही,” आई म्हणाली आणि उभ्यानंच खाऊ लागली.