नारळाखालचा कागद

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. माझी कीव करू नका. कीव करणारी माणसेच आधी थप्पड मारतात, हे मी सोसून शिकलो आहे.

माझा जन्म परमुलखातल्या कारखान्यात झाला. २००३ साली मालवण किनाऱ्यावरच्या एका सरकारी कचेरीत आलो तेव्हा मला हार घातला, पेढे वाटले. तीन संगणक मला वायरीने जोडलेले. कोणीही खुर्चीवरून हुकूम द्यावा आणि मी दाखला काढावा. तेव्हा सगळे माझे गोडवे गात.

हस्ताचा पाऊस गडगडू लागला की शिपाई महादू संध्याकाळी सगळे प्लग उपटून ठेवी. विजेच्या भीतीने आपल्याकडे घरोघर तेच करतात. पण सकाळी प्लग लावले की वायरी जोडणारी पेटी प्रत्येक यंत्राला नव्याने नंबर वाटे. मला कधी बारा मिळे, कधी पंधरा. संगणक मात्र जुन्याच नंबरावर कागद धाडत बसत. मग कुडाळहून यंत्रे दुरुस्त करणारा माणूस येई, नंबर जुळवून जाई. तो काय करतो, हे खुर्च्यांवरच्या एकानेही उठून पाहिले नाही. माझा नंबर कायमचा बांधून घ्यायला पाच मिनिटे पुरली असती.

२००६ च्या सप्टेंबरअखेरीस मासे विकणारी मथुरा आपल्या मुलीला, अक्षयाला, घेऊन आली. अक्षयाला नर्सिंगला जागा मिळाली होती. दाखला त्याच दिवशी पाचच्या आत कुडाळात द्यायचा होता, नाहीतर जागा दुसरीला जाणार.

हेडक्लार्क दत्तारामने हुकूम दिला. मी गप्प, कारण आदल्या संध्याकाळी प्लग उपटल्याने माझा नंबर बदलला होता आणि माझ्याकडे काही पोचलेच नव्हते. त्याने अकरा वेळा हुकूम दिला. महादूने रागाने माझे बटण दाबून धरले, तसा मी एक कागद काढला. त्यावर माझा नंबर स्वच्छ छापला होता.

"कायतरी इंग्रजीत बरळता," दत्ताराम म्हणाला. त्याने तोच कागद माझ्या डोक्यावर पसरला, त्यावर नारळ ठेवला आणि गाऱ्हाणे घातले. "बा देवा म्हाराजा, ह्या यंत्रात जा काय शिरला आसात, ता भायर काड रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळी कचेरी म्हणाली.

अक्षयाने संगणकाचा क्लास केला होता. ती म्हणाली, "काका, नारळाखालच्या कागदावर प्रिंटरचो नंबर आसा. संगणकातल्या नंबराशी जुळता काय बघा."

"गो, तू माका शिकयतंस? भायर बस."

"अहो, बघा तरी," मथुरा म्हणाली. "माझ्या चेडवाचा वरीस जाताला."

"तुझ्या चेडवाक एवढा येता, तर हय कित्याक इलंस?"

त्या दोघी बाहेर बसल्या. पाचच्या आत कुडाळला पोचवणारी शेवटची, साडेतीनची एसटी गेली. साडेचारला कुडाळचा माणूस आला, त्याने नारळ बाजूला केला, कागद वाचला, संगणकात नंबर बदलला. अडकलेले सगळे हुकूम एकदम सुटले आणि मी अक्षयाचे अकरा दाखले काढले.

मथुराने एक घेतला. "माका एकच व्हयो होतो, तो पण सकाळी. ऱ्हवलेले तुमी भिंतीक लावा."

त्या वर्षी अक्षया आईबरोबर मासळी बाजारात बसली.

आज मी मागच्या खोलीत धूळ खातो. त्याचे मला काही नाही. मित्रांनो, यंत्र अडले तर त्याने दिलेला कागद आधी वाचा. वाचता येत नसेल, तर ज्याला येते त्याला खुर्ची द्या. तेवढेही जमत नसेल, तर लोकांचे दाखले हातात घेऊ नका.